निवड आणि तिचे ऋण : मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांतील एक नैतिक सूत्र

१

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात ख्रिस्ती लेखकांच्या ग्रंथांची संख्या थोडी आहे. पण त्यांचे महत्त्व संख्येच्या मानाने पुष्कळच अधिक आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ साली प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ १९०७ मधील आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत वाचकांपुढे आली. या तिन्ही ग्रंथांच्या मध्यभागी एक निर्णय आहे आणि तो धर्मांतराचा आहे, एवढे साम्य कोणाही वाचकाच्या ध्यानी येते. परंतु या साम्यावर थांबल्यामुळे मराठी समीक्षेने या ग्रंथांची मांडणी बहुधा दोनच प्रकारे केली. ‘अरुणोदय’ व ‘साक्ष’ ही धर्मप्रचाराच्या खात्यावर टाकून ती वाङ्मयविचारातून जवळजवळ वगळली गेली. आणि ‘स्मृतिचित्रे’ धर्माच्या खात्यातून सोडवून, विनोद, साधेपणा व संसाराचे प्रांजळ चित्रण यांसाठी गौरविली गेली. पहिल्या व्यवहारात अन्याय झाला तो उघड आहे. दुसऱ्यात झालेला अन्याय गौरवाच्या आड दडलेला असल्यामुळे सहसा जाणवत नाही.

वस्तुतः या तिन्ही ग्रंथांना जोडणारे सूत्र धर्मांतर या घटनेपेक्षा अधिक खोल आहे. मनुष्य एकदा निवड करतो, आणि ती निवड त्याच्या हातून सुटून दुसऱ्यांच्या आयुष्यात शिरते. त्या दुसऱ्यांनी ती केलेली नसते, पुष्कळदा त्यांना ती ठाऊकही नसते. तरी तिचे फळ त्यांच्या ताटात पडते. अशा फळाचे काय करावयाचे, त्याची जबाबदारी कोणाची, आणि क्षमा केल्याने ते नाहीसे होते काय, हा या ग्रंथांचा खरा विषय होय. तो ख्रिस्ती नीतिविचाराच्या गाभ्याचा विषय आहे आणि मराठी गद्यात तो याच मार्गाने आला.

२

कर्म आणि त्याचे फळ ही कल्पना मराठी मनाला नवी नव्हती. कर्मविपाकाच्या विचारात कर्म कर्त्याकडेच परत येते. या जन्मी न आले तर पुढच्या जन्मी येते, पण पत्ता चुकत नाही. या विचारात एक कठोर न्याय आहे आणि त्याबरोबर एक सोयही आहे. शेजाऱ्याच्या वाट्याला आलेले दुःख हे त्याच्याच संचिताचे असे एकदा मानले, की त्या दुःखाशी स्वतःच्या कृतीचा संबंध तपासण्याची निकड उरत नाही. उलट संतांनी करुणेच्या बळावर ही सोय वेळोवेळी नाकारली, हेही तितकेच खरे आहे.

ख्रिस्ती विचारातही पेरणीप्रमाणे कापणी होते हा नियम आहे. पौलाच्या पत्रांतून तो स्पष्टपणे सांगितला गेला आहे. मात्र त्याच्या जोडीला दोन गोष्टी येतात आणि त्यांच्यामुळे नियमाचे स्वरूप पालटते. एक, आयुष्य एकच आहे. म्हणून निवड पुन्हा करण्याची संधी पुढील जन्मावर टाकता येत नाही. दोन, क्षमा आहे. पण क्षमा म्हणजे परिणामांची पुसणी नव्हे. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात बाप मुलाला मिठी मारतो, मेजवानी देतो. तरी उधळलेली मालमत्ता परत येत नाही, आणि घरी राहिलेल्या थोरल्या भावाच्या मनातील सल तर त्या मेजवानीनेच उघडा पडतो. दृष्टान्त संपतो तेव्हा थोरला भाऊ आत गेला की नाही हे सांगितलेले नाही. धाकट्याच्या निवडीचा शेवटचा परिणाम अशा रीतीने थोरल्याच्या निवडीवर येऊन थांबतो. क्षमा ही देणाऱ्यालाही काही किंमत मोजावयास लावते, आणि ती किंमत कधीकधी अशा माणसाकडून मागितली जाते ज्याने काहीच उधळलेले नसते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना या थोरल्या भावाची आठवण ठेवणे उपयोगी ठरते.

३

‘अरुणोदय’ हे निवडीकडे नेणाऱ्या वाटेचे आत्मचरित्र आहे. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ग्रंथाचे नावच सांगते की लेखकाच्या दृष्टीने पूर्वायुष्य ही रात्र आहे आणि दीक्षा ही पहाट. अशा रचनेत वाचकाला पुढे काय होणार हे पहिल्या पानापासून कळलेले असते. म्हणून कथानकाचा ताण मंदावतो. तरीही या ग्रंथात एक प्रकरण असे आहे की त्यामुळे तो केवळ प्रचारग्रंथ राहत नाही. ते मुंबईतील परमहंस मंडळीचे चित्रण होय.

दादोबा पांडुरंगांसारख्या सुधारकांच्या प्रेरणेने १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही मंडळी जातिभेद मानीत नसे; सभासद परजातीच्या हातचे अन्न खात. पण हे सारे गुप्तपणे चाले. पुरेसे लोक मिळेपर्यंत उघड व्हावयाचे नाही, असा बेत होता. पदमनजी स्वतः या मंडळीत होते आणि तिची जी माहिती आज उपलब्ध आहे तिच्यासाठी अभ्यासकांना ‘अरुणोदया’कडे वळावेच लागते. परंतु ऐतिहासिक माहितीपेक्षा येथे महत्त्वाचा आहे तो नैतिक पेच. परमहंस मंडळीला निवड हवी होती. तिचे परिणाम नको होते. जाती मोडावयाची, पण जातीने वाळीत टाकू नये. पाव खावयाचा, पण घरी कळू नये. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी विस्कटली. जी निवड प्रकट होण्यास भीत होती ती प्रकट होताच टिकली नाही.

पदमनजींचा रोख असा, की उघड न केलेला निर्णय हा निर्णयच नव्हे. दीक्षेचा विधी चारचौघांत होतो याला त्यांच्या लेखी याच कारणाने महत्त्व आहे. तेथे परत फिरण्याची दारे माणूस स्वतःच्या हाताने लावतो. या दृष्टीने ‘अरुणोदय’ हा एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादाच्या एका दुबळ्या जागेवर ठेवलेले अचूक बोट आहे. त्याची मर्यादाही येथेच आहे. दारे लावली गेली, त्या वेळी दाराच्या आत कोण कोण राहिले, याकडे लेखकाची दृष्टी पुरेशी वळत नाही. आई, बाप, आप्त हे या ग्रंथात प्रामुख्याने विरोधक म्हणून किंवा मोहाचे पाश म्हणून येतात. ज्यांच्या अंगावर निर्णयाचा भार पडला त्यांची बाजू सांगण्याइतकी जागा पहाटेच्या रूपकात नाही.

मात्र कादंबरीकार पदमनजी आत्मचरित्रकार पदमनजींपेक्षा अधिक दूर पाहतात. १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या स्थितीचे एकामागून एक दर्शन घडविताना त्यांनी हेच दाखविले, की पुरुषांनी शास्त्राच्या नावाने केलेल्या निवडींचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात त्या स्त्रियांना निवडीचा अधिकारच नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून मान पावलेल्या या कृतीचे वाङ्मयीन दोष पुष्कळ सांगितले गेले आहेत आणि ते खरेही आहेत. पण परिणामांची बाजू घेऊन उभी राहिलेली मराठी कादंबरी तिच्यापासून सुरू होते, हे श्रेय तिला द्यावयास हवे.

४

पंडिता रमाबाईंचे उदाहरण निराळे आहे. कारण त्यांच्या बाबतीत निर्णय आधी झाला आणि त्याचा अर्थ मागाहून कळला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८१ साली जन्मलेली मनोरमा हीही त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झाली. ‘साक्षी’त रमाबाई सांगतात त्याचा आशय असा, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. धर्मांतराच्या वाङ्मयात अशी कबुली दुर्मीळ आहे. निर्णयाचा क्षण हा प्रकाशाचा क्षण असतो हे त्या प्रकारातील रूढ गृहीतक; रमाबाईंनी ते मोडले. निवड ही आधी घेतलेली शपथ आहे, तिचा आशय पुढची वर्षे भरून काढतात, असे त्यांच्या कथनावरून दिसते.

ती वर्षे सोपी नव्हती. वाँटेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, आणि त्यातून दिसलेली रमाबाई ही आज्ञाधारक शिष्या नव्हती. ख्रिस्ताचा स्वीकार केला म्हणून इंग्रजी चर्चच्या प्रत्येक मताचा स्वीकार केला असे होत नाही, हे त्यांनी वारंवार बजावले. एक निवड केल्याने पुढच्या सर्व निवडी दुसऱ्याच्या हाती जातात, ही समजूत त्यांनी जशी सनातन्यांच्या बाबतीत नाकारली तशीच धर्मगुरूंच्या बाबतीतही नाकारली.

परिणाम मात्र टळले नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास गेले आणि १८९३ साली तेथे वादळ उठले. मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळत आहे या कारणावरून रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूस झाले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या विधवांसाठी संस्था उभारली होती त्यांपैकी काहींची वाट रमाबाईंच्या दहा वर्षांपूर्वीच्या व्यक्तिगत निर्णयामुळे पुन्हा बंद झाली, हे सत्य कोणत्याही बाजूने नाकारता येत नाही. दोष कोणाचा, यावर दोन्ही बाजूंनी शाई खर्च झाली. पण नैतिक प्रश्न दोषारोपाने सुटत नाही. रमाबाईंनी तो कामाने सोडविण्याचा यत्न केला. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुली, आणि अखेरीस हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर, ही त्या परिणामांची परतफेड होती. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

मनोरमेचा विचार केला म्हणजे हे चित्र अधिक गंभीर होते. दोन वर्षांच्या मुलीने आईबरोबर धर्म बदलला. तिचे शिक्षण, तिची भाषा, तिचे काम, सारे आईच्या निवडीने ठरले. तिने ते काम निष्ठेने केले आणि १९२१ साली ती गेली. रमाबाई पुढच्याच वर्षी गेल्या. मनोरमेने स्वतःचे आत्मचरित्र लिहिले असते तर मराठीला कदाचित एक विलक्षण ग्रंथ मिळाला असता. परिणाम भोगणाऱ्याची लेखणी बहुधा मुकी असते. निवड करणारा बोलतो, आणि ज्याच्यासाठी निवड झाली तो गप्प राहतो. या नियमाला एकच मोठा अपवाद आहे.

५

तो अपवाद म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती दीक्षा घेतली. पत्नीला त्यांनी विचारले नव्हते. लक्ष्मीबाई नाशिकच्या बाजूस माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहानगा दत्तू होता. ज्या ठिकाणी ‘अरुणोदया’ची पहाट होते, त्याच ठिकाणी या ग्रंथातील स्त्रीवर रात्र कोसळते. दीक्षा म्हणजे मुक्ती, ही टिळकांच्या बाजूची कथा. दीक्षा म्हणजे जिवंत नवऱ्याची विधवा होणे, ही लक्ष्मीबाईंच्या बाजूची. एकच घटना दोन टोकांनी पाहता येते हे मराठी आत्मचरित्राला येथे प्रथम कळले.

परंतु या ग्रंथाची नैतिक रचना त्या घटनेपूर्वीच सिद्ध झालेली आहे. ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाई आपल्या आजोबांची, वासुदेव भगवंत जोगळेकरांची, कथा सांगतात. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांना फाशी झाले, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. घरात येणारी प्रत्येक वस्तू, मीठसुद्धा, धुवून घ्यावी लागे. वाचक हसतो, हसू येईल अशाच रीतीने ते सांगितलेले आहे. पण हसता हसता त्याच्या ध्यानी येते, की एका माणसाच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टीने दुसऱ्याचे मन वाकले, आणि त्या वाकलेल्या मनाने केलेल्या निवडीखाली पुढे सारे घर, बायका आणि पोरे, वर्षानुवर्षे राबले. लक्ष्मीबाई धर्मांतराच्या पुष्कळ आधीपासून दुसऱ्यांच्या निवडींची फळे धूत होत्या. म्हणून टिळकांचा निर्णय या ग्रंथात आकाशातून पडलेला नाही. तो त्याच मालिकेतील, सर्वांत मोठा, दुवा आहे.

टिळकांचे चित्रही त्यामुळेच न्याय्य उतरले आहे. न सांगता घर सोडून जाणारा, हाती आलेले दान करून टाकणारा, क्षणात रागावणारा, क्षणात विरघळणारा हा कवी दीक्षेने एकदम संत झाला असे लक्ष्मीबाई दाखवीत नाहीत, आणि दीक्षेमुळे तो अपराधी ठरतो असेही नाही. त्याचा औदार्यगुण आणि त्याचा बेफिकीरपणा यांचे मूळ एकच, हे त्यांनी ओळखलेले आहे. ज्या वृत्तीने तो परक्या पोरांना घरी आणतो, त्याच वृत्तीने तो घरच्या माणसांना न विचारता धर्म बदलतो. परिणाम भोगणाऱ्या माणसालाच एवढी सूक्ष्म दृष्टी येते; निवड करणाऱ्याला स्वतःच्या हेतूची शुद्धता दिसते आणि तो तेथे थांबतो.

त्या काळच्या कायद्याचा संदर्भ येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा मालमत्तेवरील हक्क राखला होता. आणि १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या व्यक्तीस न्यायालयामार्फत विवाह मोडून घेण्याची वाट करून दिली होती. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने परिणामांचा निकाल लावण्याचा हा मार्ग होता. टिळकांनी तो धरला नाही. त्यांनी वाट पाहिली. ही वाट पाहणे हीदेखील एक निवड होती, आणि ‘स्मृतिचित्रां’च्या नैतिक जमाखर्चात टिळकांच्या नावावर जमा पडणारी ती सर्वांत मोठी रक्कम होय.

६

यापुढे लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या निवडीचा प्रश्न येतो. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या मुलाला घेऊन अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) नवऱ्याकडे गेल्या. आपले सोवळे, आपली चूल वेगळी ठेवूनच गेल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यावर एक आक्षेप सहज सुचतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, उपजीविकेचे साधन नसलेल्या, माहेरच्यांच्या आश्रयाने दिवस काढणाऱ्या स्त्रीला निवड कितपत होती? नवऱ्यामागे जाणे हाच जेथे धर्म सांगितला जातो, तेथे नवऱ्याच्या धर्मात जाणे हे स्वातंत्र्य की पातिव्रत्याचेच नवे रूप?

आक्षेपात तथ्य आहे. पण ग्रंथ त्याला उत्तर देतो, आणि ते उत्तर घटनांच्या क्रमात आहे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जाणे, जातिभेद सोडणे आणि ख्रिस्ताचा स्वीकार करणे या तीन गोष्टी तीन वेगळ्या वेळी झाल्या. पहिली परिस्थितीने घडविली असे म्हणता येईल. दुसरी त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाली. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला, स्वतःच त्याचे उत्तर दिले आणि त्याप्रमाणे वागू लागल्या. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या. ज्या सोवळ्याच्या सावलीत त्यांचे बालपण गेले होते, ते सोवळे त्यांनी कोणाच्या आग्रहाने टाकले नाही. तिसरी गोष्ट या दुसरीच्या पायावर उभी राहिली. नवऱ्याच्या निवडीने त्यांना एका उंबरठ्यावर आणून सोडले, हे खरे; पण उंबरठा ओलांडणारे पाऊल त्यांचे स्वतःचे होते आणि ते पडावयास वेळ लागला. थोरला भाऊ मेजवानीला आत गेला की नाही हे दृष्टान्तात सांगितलेले नाही. ‘स्मृतिचित्रां’त ते सांगितले आहे, आणि तो स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी गेला.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाचा अर्थही येथे लावावयास हवा. या विनोदाची स्तुती करताना समीक्षकांनी तो स्वभावाचा गुण मानला. तो गुण होताच; परंतु ग्रंथात तो एक नैतिक कार्य करतो. झालेल्या अन्यायाची आठवण पुसावयाची नाही आणि तिचा सूडही घ्यावयाचा नाही, अशा दुहेरी अटीवर लिहिणाऱ्याला करुणस्वर फार काळ पेलत नाही. करुणस्वर हळूहळू आरोपाकडे झुकतो. विनोद दोन्ही अटी पाळतो. तो घडलेले जसेच्या तसे सांगतो आणि ज्याने ते घडविले त्याला माणूस म्हणून राहू देतो. क्षमेला मराठी गद्यात मिळालेले हे सर्वांत विश्वसनीय रूप आहे. कारण तीत क्षमा हा शब्द मिरविलेला नाही.

७

टिळकांच्या निवडीचा आणखी एक दीर्घ परिणाम मराठी भाषेवर झाला. ख्रिस्ती मराठी म्हणजे भाषांतराची, ताठर, परकी मराठी, अशी त्यांच्यापूर्वी पुष्कळ अंशी स्थिती होती. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीने अभंगाचे रूप न सोडता नवी भक्ती गायिली. त्यांची ‘अभंगांजली’ आणि त्यांची उपासनागीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. धर्म बदलला तरी भाषेचे गोत्र बदलावयाचे नाही, ही त्यांची दुसरी निवड पहिलीइतकीच परिणामकारक ठरली. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. न विचारता घेतलेल्या निर्णयाचे अपुरे राहिलेले काव्य, ज्या व्यक्तीला विचारले नव्हते तिनेच पूर्ण करावे, याहून बोलके उदाहरण कोणता टीकाकार शोधील?

‘केवढे हे क्रौर्य’ ही टिळकांची कविता मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. शिकारी पक्षिणीला मारतो, आणि त्या घावाचे खरे लक्ष्य घरट्यातील पिले ठरतात. तिचा आत्मचरित्राशी थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल; पण कृती एकाची आणि भोग दुसऱ्याचा, हे सत्य टिळकांच्या संवेदनेला किती जवळचे होते हे त्या कवितेवरून दिसते.

८

या वाङ्मयाची एक मोठी मर्यादा नोंदविल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. ‘व्यक्तिगत निवड’ हा शब्दप्रयोगच एका विशिष्ट सामाजिक स्थितीतून आला आहे. बंगळूरनजीकची व्हाइटफील्ड ही वसाहत १८८२ साली, रमाबाईंच्या दीक्षेच्या आदल्याच वर्षी, डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. म्हैसूरच्या महाराजांनी तिच्यासाठी सुमारे ३९०० एकर जमीन दिली. तेथे वसावयास आलेले यूरेशियन व अँग्लो-इंडियन हे जन्माने ख्रिस्ती होते. धर्म त्यांना निवडावा लागला नव्हता. निवडावयाची होती ती जमीन आणि उपजीविका. त्यांच्या दोन समाजांतील संकरित स्थितीचे मूळही पूर्वजांच्या निवडींत होते, आणि ते फेडण्यासाठी त्यांना शेत नांगरावयाचे होते. महाराष्ट्रातही ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य माणसे पदमनजी किंवा टिळक यांच्या वाटेने आलेली नाहीत. १८३१ पासून नगर भागात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनकडे जी माणसे आली त्यांत महार व मांग कुटुंबे मोठ्या प्रमाणात होती. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या वाढली. येथे निवड बहुधा कुटुंबाची, कधी साऱ्या वाड्याची होती.

तिचे परिणामही निराळे. ब्राह्मण धर्मांतरिताने जात गमावली. अस्पृश्य धर्मांतरिताची जात त्याच्यामागून चर्चमध्ये आली. आणि स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ साली त्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाल्या. ख्रिस्ती मात्र त्यांबाहेरच राहिले. पणजोबाने दुष्काळाच्या वर्षी केलेल्या निवडीचे फळ पणतू शाळेच्या अर्जावर भोगतो. परिणामांचे याहून लांब पसरलेले उदाहरण मराठी प्रदेशात क्वचितच सापडेल, आणि त्याची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली नाहीत. जी आत्मचरित्रे अभिजात ठरली ती गमावण्यासारखे काही ज्यांच्यापाशी होते त्यांची आहेत. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे थोडे होते त्यांनीही निवड केली होती, आणि तिची किंमतही दिली; ती हिशेबात घेण्याचे काम मराठी वाङ्मयाने अद्याप पुरते केलेले नाही.

२०१३ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी साहित्याच्या मुख्य व्यासपीठावर ख्रिस्ती लेखकाला मिळालेला हा मान उचित होता. परंतु मान देणे आणि वाचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ‘अरुणोदय’ व ‘साक्ष’ वाचल्या गेल्या तर ‘स्मृतिचित्रे’ अधिक नीट कळतील. कारण पहिले दोन ग्रंथ निवड कशी करावी आणि ती कशी निभवावी हे सांगतात, आणि तिसरा सांगतो की ती ज्याच्या अंगावर पडते त्याने तिचे काय करावे. मराठी गद्यात या तिसऱ्या प्रश्नाला एका घरधनिणीने, पाटी-पेन्सिलीच्या शिक्षणावर, जे उत्तर दिले त्याच्यापुढे अजून कोणी गेलेले नाही. निवड करणाऱ्याला क्षमा मिळू शकते. निवडीचे ऋण मात्र कोणी तरी फेडावेच लागते, आणि ज्याने ते काढले नव्हते त्याने ते हसतमुखाने, हिशेब न विसरता फेडले म्हणजे त्याचे साहित्य होते.